अक्षरं फुटायची तो मे महिना

एप्रिल उतरणीला लागला की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायची यंत्रं, म्हणजे डंख, दिवसभर धडधडायला लागतात. पार रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर उभं राहिलं तरी नाकात हुळहुळतं. वर्षाचा मसाला करून घ्यायला डोंबिवलीहून, विरारहून बायका येतात, नाकाला पदर लावतात, भावावरून भांडतात आणि मध्येच शिंकतात. दरवर्षी मी ठरवते की यंदा दुसऱ्या रस्त्याने जायचं, आणि दरवर्षी इथूनच जाते. तिखट नाकात गेलं की डोळ्यांना पाणी येतंच, त्यामुळे रडायला ह्याहून सोयीची जागा उभ्या मुंबईत नाही. कोणी काही विचारत नाही.

त्या वर्षी बाबांच्या गळ्यात भोक होतं. असं सरळ म्हटलं की लोक दचकतात, पण आमच्या घरात आम्ही तसंच म्हणायचो. थंडीत ऑपरेशन झालं, रोगाबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं, आणि बाबा तेव्हापासून नाकाने नव्हे तर गळ्यातल्या त्या भोकातून श्वास घ्यायला लागले. त्यावर आई ओल्या मलमलीचा तुकडा बांधायची. मिरचीचे दिवस आले आणि आमचे हाल सुरू झाले. हवेतली चिमूटभर पूड आत गेली तरी बाबा खोकून खोकून निळे पडायचे, आणि त्या खोकल्याला आवाज नसायचा, नुसती हवा. आम्ही दार बंद करून त्यावर ओली चादर लावली. मे महिन्यात, एका खोलीत, बंद दाराआड, तीन माणसं. उकाडा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

आई गिरणीच्या संपापासून त्याच गल्लीत मिरचीची देठं काढायच्या कामाला जात होती. गिरणी बंद पडली तेव्हा अर्ध्या लालबागच्या बायकांनी काही ना काही हातात घेतलं, तिने मिरची घेतली. पण त्या हातांनी बाबांच्या गळ्याला शिवायची सोय नव्हती. साबणाने कितीही घासा, मिरची नखांत राहतेच. ऐन हंगामात तिने काम सोडलं आणि घरी बसली. रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती तांदूळ निवडायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची.

चाळ रिकामी होती. ही गोष्ट गिरणगावाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात आमची चाळ कोकणात जायची. शाळांचे निकाल लागले की एकेक बिऱ्हाड ट्रंका, पिशव्या, पोरं घेऊन गावाकडे निघायचं, आणि आठवड्याभरात मजल्यावरच्या दारांना कुलपं लागायची. एरवी ज्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे, तिथे दुपारी एक मांजर पसरलेलं असायचं. लहानपणी आम्हीही जायचो. त्या वर्षी सगळ्यांनी जाताना दारावर टकटक करून, चादर थोडी बाजूला करून, बाबांना हात दाखवला. आंबे पाठवतो म्हणाले. बाबा हसले. माझं डोकं तेव्हा इतकं फिरलेलं होतं की आंब्याच्या नावानेही मला संताप यायचा.

कारण रोग परत आला होता. डॉक्टर चांगले होते, शांतपणे बोलायचे. दुसरं ऑपरेशन करता येईल, म्हणाले. त्याने काही महिने मिळतील, कदाचित जास्त, कदाचित नाही. सोसावं मात्र बरंच लागेल. महिनाभरात ठरवा आणि बाबांनी स्वतः ठरवायला हवं. त्यांनी बाबांनाच विचारलं, करायचं का. बाबा चहा हवा की नको ह्याला मान हलवून उत्तर द्यायचे, पंखा वाढवू का ह्याला द्यायचे, ह्याला त्यांनी दिलं नाही. त्यांनी आईकडे बोट केलं, मग आपल्या ओठांवर ठेवलं. आधी हिच्याशी बोलायचंय. डॉक्टरांनाही ते कळलं.

आता ह्यात अडचण काय, असं कुणालाही वाटेल. लिहून द्यावं. पण आईला अक्षरओळख नव्हती. बाबांनी लिहायचं आणि मी आईला वाचून दाखवायचं, एवढाच मार्ग होता, आणि तोच त्यांना नको होता. मी पाटी दिली, त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. मी म्हटलं, बाबा, मी पोस्टमन आहे असं समजा, वाचेन आणि विसरेन. त्यांनी नकाराची मान हलवली. लग्नाला पस्तीसएक वर्षं झालेल्या माणसाला बायकोशी दोन वाक्यं बोलायची होती आणि मधे पोरगी नको होती. हट्ट म्हणा हवं तर. मी तेव्हा हट्टच म्हणत होते.

मी दिवस ऑपरेशनसाठी मोजत होते, हे इथेच सांगते. मला ते करायचंच होतं. त्यांनी एकदा आईशी बोलावं, मनातली भीती काढावी आणि हो म्हणावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाबा साचेखात्यातले. साचे म्हणजे माग. शेकडो माग एकदम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून त्या खात्यातली माणसं आवाजाशिवाय बोलायची. ओठ ठळक हलवायचे, एखादी खूण करायची, की तीन साचे पलीकडचा माणूस हसायचा. ती सवय घरीही यायची. पाळी संपवून आल्यावर बाबा पहिला अर्धा तास नुसते ओठ हलवून पाणी मागायचे आणि आम्हाला कळायचं नाही, मग त्यांना आठवायचं आणि ते मोठ्याने बोलायचे. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. संप झाला आणि त्यांचं साचेखातं कायमचं थंड झालं, तेव्हा ते ओठांचं बोलणंही घरातून गेलं. पुढे त्यांनी भायखळ्याला भाजीच्या गाड्या उतरवल्या, मग एका इमारतीची वॉचमनकी केली. ह्या कामांमध्ये आवाज लागतो.

अर्जुनकाका त्या मे महिन्यात एकदा येऊन गेले. बाबांच्या शेजारचे साचे त्यांच्याकडे असायचे. ते आत आले, स्टुलावर बसले, बाबांनी ओठ हलवले आणि काकांनी उत्तर दिलं, तेही ओठांनीच. काकांचा गळा ठणठणीत होता. तरी तासभर दोघं आवाजाशिवाय बोलत बसले. मधेच बाबांचे खांदे हसण्याने गदगदले. मी दारात उभी राहून बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला फक्त हेवा वाटला. निघताना आईने गॅलरीत काकांना गाठून विचारलं, काय म्हणाले म्हणून.

"मिलच्याच गजाली, वयनी," काका म्हणाले. मग चपला घालता घालता थांबले. "मी ऑपरेशनचं पण विचारलं. तर म्हणाला, ता माझा मी सांगान तिका."

म्हणजे सांगायला माणूस मिळाला होता तरी त्याच्याकरवी सांगायचं नव्हतं. त्या दिवशी मी हात टेकले आणि बोलणाऱ्या मशीनच्या मागे लागले.

मी प्रोग्रामर. ज्या गिरणीत बाबा साचे चालवायचे तिच्याच आवारात, काचा लावलेल्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. ह्या योगायोगावर पुष्कळांनी मला आजवर हळवं करायचा प्रयत्न केलाय, पण तिथे एसी होता आणि पगार वेळेवर व्हायचा. तर, लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचणारा एक फुकटचा प्रोग्राम तेव्हा मिळायचा. त्यात मराठी होती, आवाज एकच होता, बाईचा, सपाट, बँकेत टोकन पुकारावं तसा. त्याच्या अलीकडे मी माझा छोटा प्रोग्राम जोडला. बाबांनी टाइप करायचं, एक बटण दाबायचं, बाई बोलणार. घरच्या कीबोर्डवर मी मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. चौथी शिकलेले बाबा एका बोटाने अक्षर शोधत लिहायला दोन दिवसांत शिकले. ऑफिसात करून पाहिलं तेव्हा बाईने "पाणी" म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथे मिरचीही नव्हती.

मग प्रोग्राम घरी आणला. घरचा कॉम्प्युटर जुना होता, फोर्टातल्या एका परदेशी जहाज कंपनीने मोडीत काढलेला, स्वस्तात मिळालेला. बाबा समोर बसले. मला हाताने बाहेर जा म्हणाले. मी गॅलरीत गेले. आत खूप वेळ टकटक झाली, मग बटण दाबलं गेलं आणि बाई इंग्रजीत बोलली, "क्वेश्चन मार्क. क्वेश्चन मार्क. क्वेश्चन मार्क." ती थांबेचना. बाबांनी जेवढी अक्षरं लिहिली होती त्याच्या तिप्पट वेळा ती तेच म्हणत राहिली.

आई बाहेर आली. "गो, ता काय सांगता?" तिने विचारलं. तिला वाटलं बाबांनी काहीतरी लांबलचक सांगितलंय आणि ते आपल्याला कळलेलं नाही. मशीन बिघडलंय, मी म्हटलं. मी आत शिरले तेव्हा बाबांनी घाईने पडदा कोरा केला होता.

मग रोज तेच. ऑफिसात प्रोग्राम सुरळीत चालायचा, घरी आणला की अक्षरं फुटायची. आमच्या चाळीपासून ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर, आणि एवढ्या अंतरात मराठीचं काय होत होतं मला समजत नव्हतं. ऑफिसातल्या मित्राने फोनवरून मला चार उपाय सांगितले. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी सगळे करून पाहिले.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते बाबांचं. त्यांना वाटत होतं चूक त्यांची आहे. प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून लिहायचे. कीबोर्ड पुसायचे, हात धुऊन यायचे, बोट जोर देऊन दाबायचे. एका दुपारी मी डोकावले तर पडदाभर एकच अक्षर होतं, हे एवढं मोठं. अक्षर वाढवायचं बटण त्यांना सापडलं होतं. मला पाहून त्यांनी आपलं तोंड मोठं उघडून दाखवलं. साचेखात्यात समोरच्याला कळलं नाही की असं तोंड मोठं करायचं. मशीनला ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी अक्षर मोठं केलं होतं. मी म्हटलं, बाबा, तुमचं बरोबर आहे, तुम्ही काही बदलू नका. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

महिना संपत आला होता. हॉस्पिटलमधून दोनदा फोन येऊन गेला. बाबांचं जेवण पातळ पेजेवर आलं होतं आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागले होते. मी रजा घेतली. ऑफिसातल्या मशीनने "पाणी" ह्या शब्दाचं काय केलं आणि घरातल्या मशीनने काय केलं, हे टप्प्याटप्प्याने कागदावर उतरवायचं मी ठरवलं. हे आधीच करायला हवं होतं, पण जे शेवटी करावंच लागतं ते काम घाईत असलेला माणूस आधी करत नाही.

कॉम्प्युटरच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. इंग्रजीच्या एका अक्षराला एक आकडा पुरतो. आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि काना-वेलांटीलाही वेगळे तीन. तीन पुडांचा डबा असावा तसं. तिन्ही पुडं एकत्र असली तर ते जेवण, नाहीतर नुसती भांडी. "पाणी"चे बारा आकडे मी दोन्हीकडचे शेजारी शेजारी मांडले. ऑफिसात दर अक्षराचा पहिला आकडा दोनशे चोवीस होता. घरी त्याच्या जागी एकशे ब्याण्णव होता. बाकी सगळं जिथल्या तिथे. मी तो कागद हातात धरून गॅलरीत गेले आणि दोन-तीन कुलूपबंद दारांवरून उगाच चालत राहिले.

बाबांच्या औषधांची नावं इंग्रजीत होती. ती बाईला नीट म्हणता यावीत म्हणून मी एक तयार मिळालेली ओळ घातली होती, आलेला मजकूर आधी सगळा कॅपिटल अक्षरांत करणारी. मराठीत लहान अक्षर, मोठं अक्षर असा भेद नाही, तेव्हा मराठीला ती हात लावणार नाही, असं मी धरून चालले होते. पण ती ओळ अक्षर बघतच नव्हती. ती एकेक आकडा सुटा बघत होती. दोनशे चोवीस हा आकडा युरोपातल्या कुठल्याशा भाषांत एका लहान अक्षराचा आहे, आणि त्याचं मोठं अक्षर एकशे ब्याण्णव. ऑफिसातल्या मशीनला युरोपातल्या भाषा ठाऊक नव्हत्या, म्हणून तिने तो आकडा सोडून दिला. जहाज कंपनीच्या मशीनवर मात्र त्यांच्या देशाची मांडणी तशीच राहिली होती. ती बाबांच्या प्रत्येक अक्षराचं वरचं पूड उचलून तिथे आपलं भांडं ठेवत होती, आणि पुढे बोलणारी बाई ते फुटलेलं अक्षर पाहून प्रश्नचिन्ह म्हणत होती.

मला शिव्या द्यायला कोणीतरी हवं होतं. जहाज कंपनीला द्याव्यात तर तिने माझं काय वाकडं केलं होतं? ज्याने पहिल्यांदा ती ओळ लिहिली, त्याच्या गावात सगळी अक्षरं एका आकड्यात मावत असतील. जगात दुसरंही कोणी लिहीत असेल, हे त्याच्या गावीही नसेल. आज हे सांगितलं तर माझ्या हाताखालची पोरं हसतात. आता खिशातला फोन मराठी बोलतो, ऐकतो, चुका दाखवतो. बरं झालं. मला मात्र त्या पोरांच्या हसण्याचा दर वेळी थोडा राग येतो, आणि तो दाखवता येत नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. मजकूर आकड्या-आकड्याने न बघता अख्ख्या अक्षराने बघायचा. ज्या अक्षराला लहान-मोठं रूप आहे तेवढंच बदलायचं, बाकीच्यांना जसंच्या तसं पुढे जाऊ द्यायचं. मी "पाणी" लिहिलं, बटण दाबलं. बाई म्हणाली, "पाणी." आईच्या हातातली तांदळाची परात थांबली. बाबा खुर्चीत सरळ झाले. मी म्हटलं, आता लिहा. मी बाहेर थांबते.

चाळ भरलेली असती तर मला काही ऐकू आलं नसतं. कुणाचा रेडिओ असता, कुणाचा कुकर असता, नळावर कुणी भांडत असतं. पण सगळे गावी गेलेले. बंद दारातून आणि ओल्या चादरीतून एकेक शब्द गॅलरीत येत होता. मी जिन्याकडे जाऊ शकले असते. गेले नाही.

खूप वेळ टकटक झाली. मग बाई तिच्या टोकन पुकारायच्या आवाजात बोलली.

"मला परत कापू देऊ नको. तू एकटी राहशील का."

त्या आवाजाला प्रश्न विचारता येत नव्हता, तरी तो प्रश्न होता हे आईला कळलं. मग आई म्हणाली, "रवान मी." पुन्हा टकटक सुरू झाली. ह्या वेळी थोडकीच.

"पोरीला तू सांग. ती एवढी धडपडते. मला तिला सांगवत नाही."

मला बाबांचा राग आला. खरं सांगायचं तर, इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. महिनाभर मी त्यांच्या तोंडून एक हो काढण्यासाठी झटत होते, आणि माझ्यासमोर पाटी का चालत नव्हती, पडदा घाईने कोरा का होत होता, ते आता त्या बाईने मला सांगितलं होतं. त्यांना माझ्यापासून काही लपवायचं नव्हतं. नको म्हटल्यावर माझं उतरलेलं तोंड बघायचं नव्हतं. राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

आई बाहेर आली आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. मी ऐकलंय हे तिला सांगितलं नाही. तिला ते काम बाबांनी दिलं होतं, ते तिला करू दिलं. "गो, ऑपरेशन नको म्हणतत," ती म्हणाली, "तू तेंका काय बोलू नको." मी बरं म्हटलं. आत गेले तर बाबा डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. मी मलमल ओली करून त्यांच्या गळ्याला बांधली, आणि त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर स्वतः फोनवर आले. मी म्हटलं, बाबा नको म्हणतायत. त्यांनी नेहमीच्या शांतपणे विचारलं की हे बाबांनी स्वतः सांगितलं का, कसं सांगितलं. मी मशीनचं सांगितलं.

"समजण्यात काही चूक तर नाही ना?" ते म्हणाले. "मशीनची, किंवा तुमची?"

कालपर्यंत ते मशीन प्रश्नचिन्हं बोलत होतं. शंका आहे, एवढंच मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाबांना पुन्हा बोलावलं असतं, पुन्हा विचारलं असतं, आणि समोर मला बघून कदाचित त्यांनी होकाराची मान हलवली असती. माझ्यासाठी हलवली असती. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"नाही," मी म्हटलं. "एकही अक्षर चुकलेलं नाही."